जाळी काढून फेकायची नसते, धुवायची असते



आज थोडं भांडायचं आहे. मशीन दुरुस्त करायला येणाऱ्यांशी, "तू त्याला हात लावू नकोस" म्हणणाऱ्या घरच्यांशी, आणि सगळ्यात जास्त आपल्या आपल्याशीच.

वॉशिंग मशीन पाणी घेईनासं झालं की आपण पहिलं काय करतो? फोन. मग दोन दिवस कपड्यांचा ढीग, तिसऱ्या दिवशी येणारा माणूस, आणि मशीन नीट उघडायच्या आधीच त्याच्या तोंडून येणारं ठरलेलं वाक्य: "मॅडम, बोर्ड गेलाय." बोर्ड म्हणजे काही हजारांचा खर्च. पाणी आत घेणारी झडप, जिला इनलेट व्हॉल्व्ह म्हणतात, ती काहीशे रुपयांत येते. आणि झडपेच्या तोंडाशी बसलेली नखाएवढी जाळी धुवायला तर फुकटच. तरीही आपण बोर्डावर मान डोलावतो, कारण मशीनच्या मागे काय आहे ते आपण कधी बघितलेलंच नसतं.

तर बघू या. नळाची नळी मशीनच्या मागे जिथे फिरवून बसवतात, तिथे आत झडप असते. झडपेत रबराचा पडदा आणि वर तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. मशीनने वीज सोडली की कॉइल लोखंडी दांडी वर ओढते, पडद्यातलं बारीक भोक मोकळं होतं आणि मग नळाच्या पाण्याचाच दाब पडदा उचलून वाट करून देतो. वीज बंद झाली की दांडी खाली, आणि त्याच दाबाने पडदा घट्ट बसतो. इतकंच. शिलाई मशीनची बॉबिन बसवणाऱ्या बाईला यात न कळण्यासारखं काय आहे?

झडप पाण्याच्या दाबावर चालते, हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्म्या तक्रारी समजतात. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळापासून साधारण ३ मीटर उंच हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर गच्चीची टाकी जेमतेम तेवढीच असते. अशा घरात एलजीच्या मशीनवर 'आयई' किंवा सॅमसंगच्या मशीनवर '४सी' झळकलं, तर याचा अर्थ फक्त पाणी वेळेत भरलं नाही असा आहे. बोर्ड मेला असा नाही. नळी सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा, नळ पूर्ण उघडा. दहा लिटरची बादली भरायला तीन-चार मिनिटं लागत असतील तर दोष नळाचा आहे, आणि त्यावर इलाज टाकी उंच करणं किंवा दाबाचा पंप बसवणं हाच. झडपा कितीही बदला, फरक पडणार नाही.

बादली भराभर भरली, तर जाळी बघा. आधी प्लग काढा आणि नळ बंद करा, हे दोन्ही केल्याशिवाय पुढे जायचं नाही. नळी फिरवून काढली की झडपेच्या तोंडात छोटी जाळी दिसते. मधल्या दांडीला पकडीने हलकेच धरून सरळ बाहेर ओढा. काही नळ्यांना नळाच्या बाजूलाही जाळी असते, तीही बघा. वाळू, गंज आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर जमलेला असेल. जुन्या टूथब्रशने घासा. क्षार निघत नसतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. जाळी परत बसवा, नळीतलं रबरी वॉशर जागेवर आहे ना ते पाहा, हाताने घट्ट करा. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला अर्धा तास जाळी भिजण्याचा.

आता माझा खरा राग. अनेक दुरुस्तीवाले ही जाळी काढून खिशात टाकतात आणि सांगतात, "आता बघा कसं धो धो पाणी येतंय." आपणही खूश! अगं, पण जाळी कशासाठी होती? ती गेल्यावर तीच वाळू सरळ झडपेत शिरते, पडद्याखाली एखादा कण अडकतो आणि झडप पूर्ण मिटत नाही. मग मशीन बंद असतानाही ड्रममध्ये थेंब थेंब पाणी साचत राहतं. नळाला गाळणं बांधणाऱ्या, ते रोज धुणाऱ्या, जिवाणी जिथल्या तिथे सोडणाऱ्या घरांतल्या बायका आपण. पाणी हळू येतं म्हणून स्वयंपाकघरातलं गाळणं कुणी काढून टाकलेलं आपल्याला चाललं असतं का? मग मशीनच्या मागचं का चालतं?

थेंबाचा हिशोबही करा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरहून जास्त पाणी, महिन्याला सव्वाशे लिटरच्या पुढे. कुणाच्या उपयोगाचं नाही, कुणी वापरलं नाही, नुसतं गेलं. अनर्थदंडात प्रमादचर्या सांगितली आहे ती याहून वेगळी काय असते? प्रतिक्रमणात पाण्याच्या जीवांची क्षमा मागायची आणि मशीनचा नळ मात्र सहा महिने चोवीस तास उघडा ठेवायचा, हे मला पटत नाही. धुणं झालं की नळ बंद करा. ही एवढीच सवय लावली तरी झडपेवरचा सततचा ताण जातो आणि गळतीही थांबते.

मशीन भरतच राहिलं तर एक साधी परीक्षा आहे, आणि ती दुरुस्तीवाला येण्याआधी तुम्हीच करायची. भरत असताना प्लग काढा. वीज नसतानाही पाणी येत राहिलं तर झडप अडकली आहे, ती बदलायची. प्लग काढताच पाणी थांबलं तर झडप चांगली आहे. दोष पाण्याची पातळी मोजणाऱ्या भागात किंवा बोर्डात. बोर्डाचं नाव घ्यायला खरी जागा ही. आणखी एक: सांडपाण्याची नळी जमिनीवर पडलेली असेल तर भरलेलं पाणी तिकडूनच निघून जातं आणि मशीन "पाणी नाही" म्हणून ओरडतं. ती पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवा.

"विजेचं काम बायकांनी करू नये," असं मला दर वेळी ऐकवलं जातं. कबूल, कॉइल तपासणं, तारा सोडवणं हे ज्याला येतं त्याने करावं, मग ती बाई असो वा पुरुष. पण प्लग काढलेल्या मशीनची जाळी धुण्यात वीज आली कुठून? गिझर, मिक्सर, इस्त्री दिवसभर हाताळताना हा सल्ला कुणाला आठवत नाही.

तेव्हा माणूस बोलवावाच लागला तर त्याला फोनवरच सांगा: बादली भरते, जाळी स्वच्छ आहे, प्लग काढल्यावर पाणी थांबतं किंवा थांबत नाही. तो बोर्ड म्हणाला तर कॉइल मीटरने तपासून दाखवायला सांगा. २२० व्होल्टच्या झडपेची चांगली कॉइल साधारण दोन ते पाच हजार ओहम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि तो दारातून बाहेर पडण्याआधी नळी सोडवून बघा, जाळी आत आहे का. चातुर्मासात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी ती धुवावी लागते.