नेटवर्कच्या रॅकची किल्ली कोणाकडे?

निवासी शाळेच्या स्मरणिकेत बहुधा इमारतींविषयी लिहिले जाते. कोणती खोली कोणाच्या देणगीतून उभी राहिली, विहिरीला पाणी केव्हा लागले, पत्र्यांच्या जागी स्लॅब केव्हा पडला, या नोंदींतूनच संस्थेचा इतिहास घडतो आणि इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी त्यांना कमी लेखणार नाही. तथापि यंदा संगणक कक्षाच्या भिंतीवर चढलेल्या एका लोखंडी पेटीविषयी लिहिणे मला अधिक निकडीचे वाटते. सुमारे दीड फूट उंचीची, समोर काचेचा दरवाजा आणि त्याला कुलूप असलेली ही पेटी म्हणजे नेटवर्कचा रॅक. संपूर्ण शाळेची संगणक-जोडणी ज्या यंत्रातून वाटली जाते, तो स्विच तिच्यात बसवला आहे. या कुलपाची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. माझ्या मते आपली मुले या यंत्रयुगात केवळ वापरणारी राहणार की जाणती होणार, हे त्याच्या उत्तरावर पुष्कळसे अवलंबून आहे.

स्विच म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिवा लावण्याची कळ येते. हा स्विच निराळा. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा कर्मचारी जसा पत्ता वाचून प्रत्येक पत्र योग्य खणात टाकतो, तसे हे यंत्र संगणकाकडून आलेला प्रत्येक संदेश त्यावरील पत्ता वाचून नेमक्या त्याच तारेवर पाठवते. त्यापूर्वीचे ‘हब’ नावाचे यंत्र एकाचा संदेश सर्वांना ऐकवत असे. त्यामुळे संगणक वाढले की गोंगाट वाढे आणि काम मंदावे. संगणक एकमेकांना जोडण्याची ‘इथरनेट’ ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. अनेक जोडण्यांचा पहिला इथरनेट स्विच मात्र १९९० च्या सुमारास बाजारात आला. त्याला सात जोडण्या होत्या आणि तो तयार करणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते आणि हे नाव त्यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये सिस्को या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. आपल्या संगणक कक्षातील यंत्राच्या वंशावळीत एक भारतीय नाव आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आता ही पेटी. रॅकच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये बसणाऱ्या यंत्राची रुंदी जगभर १९ इंच ठरलेली आहे. उंची ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. टेलिफोन केंद्रांतील यंत्रे मांडण्यासाठी रूढ झालेले हे माप संगणकांच्या काळातही टिकून राहिले. या मापाचा लाभ असा की कोणत्याही कंपनीचा स्विच कोणत्याही कंपनीच्या रॅकमध्ये बसतो. आज बसवलेला स्विच उद्या बिघडला तर दुसऱ्या कोणाचाही आणून त्याच जागी लावता येतो. माप उघड आहे, नियम लिखित आहेत; ज्याला वाचता येते आणि हाताने करता येते, त्याला हे काम येते. मग ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ ही भावना कोठून येते?

कामाचा क्रम पाहिला तरी त्यात गूढ असे काहीच आढळत नाही. पट्ट्यांवरील चौकोनी छिद्रांत आधी ‘केज नट’ बसवायचे. वरच्या खणात पॅच पॅनेल. खोल्याखोल्यांतून आलेल्या तारा येथे पाठीमागून कायमच्या बसवल्या जातात. त्याखाली तारा नीट वळवून धरणारी पट्टी आणि तिच्याखाली स्विच. पॅनेल आणि स्विच यांमध्ये लहान तारा. जड यूपीएस नेहमी तळाशी, म्हणजे पेटीचा तोल सांभाळला जातो. प्रत्येक तारेत आठ बारीक धागे असतात आणि सर्वाधिक प्रचलित पद्धतीत त्यांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला तर जोडणी होत नाही किंवा मंद होते. पाचशे-हजार रुपयांच्या तपासणी यंत्राने ते लगेच कळते. शेवटी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवायचा आणि तो वहीत लिहायचा. विजेच्या मुख्य पुरवठ्याचे व अर्थिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे, याबद्दल दुमत नाही. उरलेले सारे नववी-दहावीची मुले शिक्षकाच्या देखरेखीखाली करू शकतात.

आपल्या जिल्ह्याचे हवामान लक्षात घेतले तर हे ज्ञान घरात असणे अधिकच आवश्यक ठरते. बुलढाणा शहर घाटावर असल्याने तेथे थोडा दिलासा असतो. परंतु घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. साधे स्विच बहुधा ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत, बंद काचेआड, काळ्या मातीच्या बारीक धुळीत त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. पेटीचा पंखा चालू आहे का, झरोक्यांवर धूळ साचली आहे का, वळवाच्या पावसात विजा कडाडण्यापूर्वी कोणती तार काढून ठेवावी, हे पाहण्यासाठी दरवेळी शहरातून माणूस बोलवायचा असेल तर निम्मे सत्र वाट पाहण्यातच जाईल. शिवाय तो येतो तेव्हा पासवर्ड त्याच्याच जवळ, नकाशा त्याच्याच डोक्यात. त्याने काम सोडले की आपली यंत्रणा आपल्यालाच परकी. अनेक शाळांमध्ये असे घडलेले आहे.

येथे आणखी एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे मी कर्तव्य समजतो. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर असते. त्यापलीकडे तिच्यावरून संदेश भरवशाने जात नाही, हे मानकातच नमूद आहे. आपले मुलांचे वसतिगृह संगणक कक्षाला लागून आहे. मुलींचे वसतिगृह मैदानाच्या पलीकडे, या मर्यादेच्या बाहेर आहे. परिणामी पहिल्या अंदाजपत्रकात मुलांच्या अभ्यासिकेत जोडणी आली आणि मुलींची अभ्यासिका ‘पुढील टप्प्यात’ गेली. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. अंतराने केले, असे म्हणता येईल. पण अंतराने झालेला अन्याय आपोआप दूर होत नाही, तो दूर करावा लागतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागू नये. उपाय साधा आहे : मैदानाखालून पाइपातून ऑप्टिकल फायबर न्यायचे, दोन्ही टोकांना फायबरची खाच असलेले स्विच ठेवायचे आणि मुलींच्या वसतिगृहात एक लहान रॅक बसवायचा. फायबर काचेचा असल्याने दोन इमारतींमध्ये विजेचा धक्का वाहून नेण्याची भीतीही तांब्याप्रमाणे उरत नाही. जोवर हे होत नाही तोवर शाळा जोडली गेली असे आपण म्हणू नये.

सरकारी आकडे याच ठिकाणी अपुरे पडतात. २०२३-२४ च्या युडायस प्लस अहवालानुसार देशातील ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट आहे. रकान्यात ‘होय’ लिहिले की शाळा या टक्केवारीत येते; ते इंटरनेट मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत आहे की मुलींच्या अभ्यासिकेपर्यंत, हे त्या एका शब्दातून कळत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. रस्त्यांच्या कडेने केबलसाठी चर खोदणारे मजूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. भर उन्हात कुदळ मारणाऱ्या त्या हातांमध्ये आपल्या वस्त्यांतील हातही होते. चर खोदणारे हात आपले आणि रॅक उघडणारे हात मात्र नेहमी दुसऱ्याचे, ही विभागणी आपण निमूटपणे का स्वीकारावी?

या संदर्भात एका ऐतिहासिक दस्तऐवजाची आठवण द्यावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी व्हाइसरॉयना सविस्तर निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाची मागणी करताना ते केवळ पदवीपाशी थांबले नाहीत. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी साहाय्य आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आपल्या तरुणांना उमेदवारी मिळावी, हाही आग्रह त्यांनी धरला. पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी मुबलक व स्वस्त विजेचा प्रश्न देशाच्या दारिद्र्यनिवारणाशी जोडला. त्या काळातील यंत्र म्हणजे छापखाना, इंजिन आणि विद्युतगृह. त्या यंत्रांपाशी आपली मुले शिकाऊ म्हणून उभी राहावीत, ही त्यामागील दृष्टी होती. आजचे यंत्र आपल्याच भिंतीवर आले असताना मुलांना त्यापासून दूर ठेवणे या दृष्टीशी सुसंगत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप, मुले बिघाड करतील. हा धोका खरा आहे. एकाच तारेची दोन्ही टोके एका स्विचमध्ये खोचली तर साध्या स्विचवर संदेश गोल फिरत राहतात आणि क्षणात सारे नेटवर्क ठप्प होते. परंतु यावरही उपाय आहे. रेडिया पर्लमन या अमेरिकी महिला संगणकतज्ज्ञाने १९८५ मध्ये अशी नियमावली रचली की स्विच एकमेकांशी बोलून अशी फेरी ओळखतात आणि ती जोडणी स्वतःच बंद ठेवतात. नियंत्रणाची सोय असलेल्या स्विचमध्ये ती असते; ती चालू आहे ना, एवढे पाहावे लागते. किंबहुना सुटीच्या दिवशी जुन्या स्विचवर हा बिघाड मुद्दाम करून दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिलेला बिघाड मुले पुन्हा करत नाहीत.

दुसरा आक्षेप पालकांचा : वसतिगृहात इंटरनेट आले की मुले वाया जातील. ही काळजी प्रेमापोटी आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका महाविद्यालयीन वसतिगृहातील विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. आपली मुले वयाने लहान आहेत. त्यांना मर्यादा हव्यात, हे मला मान्य आहे. पण ही मर्यादा घालण्याचे साधनही याच रॅकमध्ये आहे. अभ्यासिका, कार्यालय आणि शिक्षकांचे संगणक यांचे स्वतंत्र विभाग स्विचमध्येच करता येतात आणि रात्री ठरावीक वेळेनंतर एखादा विभाग बंद ठेवता येतो. मात्र त्यासाठी यंत्र जाणणारा माणूस शाळेत हवा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. वार्षिक देखभालीचा करार केला की चिंता मिटते, असे सांगितले जाते. करार अवश्य असावा. पण करार हा जाणतेपणाला पर्याय होऊ शकत नाही. ज्याला काम कळते, त्यालाच दुसऱ्याच्या कामाची पारख करता येते.

म्हणून संस्थेच्या संचालक मंडळापुढे आणि वाचकांपुढे चार सूचना ठेवतो. एक, रॅकला कुलूप असावे, परंतु एक किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी संगणक शिक्षकांकडे असावी. सर्व पासवर्ड बंद लिफाफ्यात संस्थेच्या तिजोरीत असावेत आणि ते ताब्यात आल्याशिवाय कोणाही कंत्राटदाराचे अंतिम देयक अदा होऊ नये. दोन, रॅकच्या दरवाजाच्या आतील बाजूस तारांचा मराठीतील नकाशा लावावा आणि प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह वहीत करावी. तीन, आठवी ते दहावीच्या बारा विद्यार्थ्यांचे, त्यांत सहा मुलींचे, पथक दरवर्षी निवडावे आणि त्यांना जोडणी, तपासणी व स्वच्छता शिकवावी. दहावीनंतर आयटीआय वा तंत्रनिकेतनाकडे वळणाऱ्या मुलांना ही शिदोरी उपयोगी पडेल. चार, मुलींच्या वसतिगृहापर्यंतचा फायबर हे पुढील टप्प्यातील नव्हे, याच सत्रातील काम मानावे. आणि तेथील रॅक या पथकातील मुलींनीच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बसवावा.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज पुणे, नागपूर, मुंबई येथे याच क्षेत्रात काम करीत आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने ते देणगी देतील, आणि ती आदराने स्वीकारली जाईल. माझी विनंती वेगळी आहे. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत गावी याल तेव्हा दोन दिवस शाळेसाठी राखून ठेवा. सोबत एक जुना स्विच, पक्कड आणि तारेचे भेंडोळे आणा. मुले तुमची वाट पाहतील. किल्ली मिळेल याची व्यवस्था आम्ही शिक्षक करू.