तीन पुस्तके, तीन मराठी

गेल्या सुट्टीत कपाटातली तीन पुस्तके पुन्हा वाचली. 'कोसला' (१९६३) विशीत डोक्यावर घेतली होती. आता चाळिशीत पांडुरंगापेक्षा त्याच्या वडिलांचेच जास्त पटते. 'बनगरवाडी' (१९५५) अजून तशीच ताजी. पण मन अडकले उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०). कौतिकची वऱ्हाडी आपल्याला सुरुवातीला अडते, मग कानात बसते. मध्य प्रदेशात, पांढुर्णा-सौंसरकडच्या सावरगावच्या मित्राला एक पान फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "हे तं आमच्या घरातलंच बोलणं हाय!" शाळा मात्र तो हिंदीत शिकला, 'धग' त्याने कधी पाहिलीच नव्हती. आपणही महाराष्ट्राबाहेरचेच. पुणेरी मराठीलाच साहित्य मानत बसलो, तर नुकसान आपलेच. त्याला माझी प्रत पाठवली आहे.