जपून ठेवलेल्या गाडीची नियत

डुकाटी ९१६ विकायला निघते, तेव्हा जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा मैलांचा असतो, आणि तो जितका लहान तितकी किंमत मोठी. 'फक्त १,२०० मैल', 'दिवाणखान्यात ठेवलेली', 'पाऊस कधी पाहिलाच नाही'. पंचवीस-तीस वर्षांत गाडी चालवली नाही, हा मालकाचा पराक्रम समजला जातो. मला हा सगळा हिशेब उलटा वाटतो. या वसंतात मी स्वतः अशी एक गाडी घेतली आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर हे मत आणखी पक्के झाले.

ज्यांना मोटारसायकलचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ९१६ ही इटलीतल्या बोलोन्याच्या डुकाटी कारखान्याची गाडी. हा कारखाना १९२६ मध्ये रेडिओचे सुटे भाग बनवायला सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, आणि त्यानंतर सायकलला लावायच्या लहानशा इंजिनातून तो मोटारसायकलच्या धंद्यात आला. ९१६ जगासमोर आली १९९३ च्या अखेरीस आणि रस्त्यावर १९९४ मध्ये. तिची रचना मास्सिमो ताम्बुरिनी या माणसाची. रिमिनीच्या 'बिमोटा' कंपनीच्या नावातला 'टा' तो हाच. सीटखालून निघणारे दोन सायलेन्सर आणि मागचे चाक एकाच बाजूने धरणारा दांडा ही या गाडीची ओळख. या दोन्ही गोष्टी होंडाने १९९२ च्या एनआरमध्ये आधीच दाखवल्या होत्या, पण त्या सगळ्या जगाच्या डोळ्यांत बसल्या त्या ९१६ मुळे. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोटारसायकलींचे प्रदर्शन भरवले, त्यातही ती होती.

माझ्या बाबतीत कारण आणखी घरगुती आहे. मी इंग्लंडात लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नला राहतो. इथे गुजराती मुसलमानांची मोठी वस्ती, त्यात आमच्यासारखी काही कोकणी घरे. कापडगिरण्यांच्या काळात आलेली माणसे, त्यांची मुले, नातवंडे. आणि ९१६ वर १९९४ व १९९५ अशी सलग दोन वर्षे सुपरबाइकचे जगज्जेतेपद मिळवणारा कार्ल फोगार्टी याच ब्लॅकबर्नचा. शहराचे नाव बातम्यांत येते ते बहुतेक वेळा 'त्यांची वस्ती, यांची वस्ती' अशा वादासाठी. फोगार्टी जिंकला की मात्र गल्लीतली पोरे, कुठल्याही बापाची असोत, 'आपला माणूस' म्हणत. ती लाल गाडी तेव्हा डोक्यात बसली.

गाडी दारात आली तेव्हा घरच्यांनी फार विरोध केला नाही. पत्नीने एवढेच विचारले, "अहो, हिचा विमा कोणाच्या पगारातून?" खरा प्रश्न विचारला तो जुमाच्या नमाजनंतर ओळखीच्या एका वडीलधाऱ्या चाचांनी. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "बेटा, ही वापरायला घेतलीस की विकायला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात अख्खा कायदा आहे. स्वतःच्या वापराच्या वाहनावर जकात नाही. पुढे विकून नफा कमवायचा या नियतने घेतलेली वस्तू मात्र व्यापारी माल होते, आणि तिच्या बाजारभावावर दरवर्षी चाळिसावा हिस्सा निघतो. वस्तू तीच, लोखंड तेच; फरक फक्त मनात काय आहे याचा. 'शौक म्हणून घेतली' असे म्हणणारे आणि त्याच वेळी भाव वाढायची वाट पाहत गाडीवर चादर घालून बसणारे कितीजण हा प्रश्न स्वतःला विचारतील, ते त्यांचे त्यांना ठाऊक. चाचांना मी म्हणालो, "चालवायला." म्हटल्यावर चालवणे आलेच.

आता न चालवल्याने गाडी जपली जाते, या समजाकडे येतो. या इंजिनात झडपा बंद करायला नेहमीची स्प्रिंग नाही. झडप उघडायला एक टप्पा आणि बंद करायला दुसरा, अशी ही 'डेस्मो' पद्धत. फाबिओ तालिओनी यांनी ती १९५६ मध्ये डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत आणली. ९१६ मध्ये ही यंत्रणा रबरी दातेरी पट्ट्यांवर फिरते, आणि पट्टा तुटला तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिनाचा चुराडा होतो. हे पट्टे दर दोन वर्षांनी बदलायचे असतात. मैल झाले असोत वा नसोत! रबराला मैल कळत नाहीत, त्याला दिनदर्शिका कळते. टायरचेही तेच. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीचे टायर दिसायला नवेकोरे होते, नक्षी पूर्ण शाबूत, आणि आकडे सांगत होते वय चौदा वर्षे. ते आधी काढून टाकले, मगच गाडी रस्त्यावर घेतली. ब्रेकचे तेल हवेतले पाणी पिते, उभ्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल शिळे होते, सील सुकून गळू लागतात. म्हणजे 'फक्त १,२०० मैल' हे आरोग्याचे प्रमाणपत्र मुळीच नव्हे. पन्नास वर्षे अंथरुणावरून न उठलेल्या माणसाचे गुडघे झिजलेले नाहीत, असे सांगण्यासारखे ते आहे.

पहिली फेरी अगदी छोटी होती, क्लिदरोपर्यंत जाऊन परत, पस्तीस-एक किलोमीटर. खरे सांगायचे तर शहरात ही गाडी छळ करते. हँडल इतके खाली की सगळा भार मनगटांवर येतो. क्लच जड. वळवायचे क्षेत्र एवढे मोठे की गल्लीत उलटे फिरायचे तर मागे-पुढे दोन-तीनदा ढकलावे लागते. आरशांत स्वतःची कोपरे दिसतात. सिग्नलला उभे राहिले की सीटखालच्या सायलेन्सरची ऊब थेट मांड्यांना. आणि तो कोरडा क्लच! तेलात न बुडालेला, त्यामुळे क्लच ओढून धरला की डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा खडखडाट. शेजारची एक आजी काळजीने म्हणाली, काहीतरी सुटलेय वाटते. तिला काय समजावणार?

व्हॅली गाव मागे पडून ए-५९ चा रस्ता मोकळा झाला, उजवीकडे पेंडल टेकडी दिसू लागली, तेव्हा मनगटांचे दुखणे निम्मे झाले. वेग वाढला की वारा छातीला टेकू देतो आणि हातांवरचा भार उतरतो. ही गाडी त्या वेगासाठीच मापून केलेली आहे. हे फोटोत कळत नाही, दिवाणखान्यात तर नाहीच.

दुसरी फेरी खरी. गिस्बर्नहून सेटल, इंगल्टन आणि पुढे कर्बी लॉन्सडेल. तिथे लून नदीवर डेव्हिल्स ब्रिज नावाचा जुना दगडी पूल आहे आणि रविवारी उत्तर इंग्लंडातले दुचाकीवाले तिथे जमतात. यॉर्कशरच्या त्या दगडी कुंपणांमधल्या रस्त्यांवर एक गोष्ट ध्यानात आली. ९१६ वळणात पडत नाही, तिला बसवावी लागते. पण एकदा बसली की रेघ सोडत नाही. मध्येच खड्डा आला तरी हलत नाही. तीन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन धक्के देते, कुरकुरते. पाच-सहा हजारांच्या पुढे तेच इंजिन एका सुरात ओढू लागते. सुमारे ११० अश्वशक्ती हा आकडा आज कोणाला दचकवणार नाही. आजच्या सुपरबाइक त्याच्या दुप्पट देतात. पण आजच्या गाडीत संगणक चूक पोटात घालतो. इथे उजव्या मनगटाने जे केले तेच मागच्या चाकाला मिळते, मध्ये कोणी नाही. त्यामुळे कमी वेगातही पूर्ण लक्ष द्यावे लागते, आणि तासाभराने डोके धुतल्यासारखे हलके होते.

पुलापाशी एका तरुणाने विचारले, "एवढी किमती गाडी, भीती नाही वाटत?" वाटते. कायद्याची वेगमर्यादा हिच्या दुसऱ्या गिअरमध्येच संपते, ही भीती सर्वांत मोठी. पन्नाशीच्या माणसाला घरी वाट पाहणारी माणसे असतात. गाडी पडली तर मूळ रंगाचे पत्रे-फायबर मिळवणे कठीण, हेही खरे. आणि पहाटे फज्रला निघून अख्ख्या गल्लीला जागे करण्याचा हक्क मला नाही. कोपऱ्यापर्यंत मी ती बंद ठेवून ढकलत नेतो. संग्रहालयांनाही माझा विरोध नाही. प्रत्येक प्रसिद्ध यंत्राचा एखादा नमुना अस्पर्श राहावा, पुढच्यांना मापे घेता यावीत. पण ९१६ काही एकुलती एक बनलेली नाही. संग्रहालयाचे काम संग्रहालयाने करावे, प्रत्येक बंगल्याच्या गॅरेजने नव्हे.

यात एक नुकसान असे की जे पैशात दिसत नाही. न चालणाऱ्या गाड्यांना मिस्त्री लागत नाही. डेस्मोच्या झडपांचे अंतर कानाने आणि बोटांनी जुळवणारी माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. माझे काम करणारा इथला मिस्त्री सत्तरीला टेकलाय, आणि त्याच्या हाताखाली शिकायला कोणी नाही. गावाकडेही हेच पाहतो. आपल्याकडे इटालियन गाडी म्हणजे एकेकाळी आकुर्डीची बजाज. पियाजोच्या परवान्यावर बनलेली व्हेस्पाच ती. ती तिरकी करून सुरू करणारे मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होते, त्यांत आमच्या बिरादरीची किती नावे! १९९६ मध्ये बंद झालेल्या आरएक्स १०० चे भाव आज असे चढलेत की लोक ती रंगवून पोर्चमध्ये उभी करतात आणि रीलपुरती सुरू करतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या नाक्यांवर बसून तिचा कार्बुरेटर डोळे मिटून खोलणाऱ्यांच्या हाताला मग काम काय उरणार?

हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते धातू खाते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी शेडमध्ये राहील. तेवढे मान्य. त्याआधी रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या रेल्वेपुलाजवळून हॉसपर्यंत जायचे आहे. हातात सहा रविवार आहेत, त्यातला एक बोल्टनच्या निकाहला जाणार, आणि पत्नीने आधीच बजावलेय की तिथे गाडीने यायचे ते चारचाकीनेच.