जिन्यावरूनच परत!

भाड्याच्या जागा पाहत हिंडलेल्या गृहस्थाला कॉम्प्यूटरच्या खेळाचे मर्म चटकन कळेल. एक जागा मनाजोगी सापडली, की दुसरीचा जिना पाहूनच मंडळी परत फिरतात. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि आजींचे गुडघे! मग स्वयंपाकघर कोण पाहतो?

ड्राफ्ट्‌स, म्हणजे चौसष्ट घरांच्या पटावरचा बारा-बारा सोंगट्यांचा डाव, यंत्र असेच खेळते. एका चालीचा निकाल हाती आहे आणि दुसऱ्या चालीवर प्रतिपक्षाचे एकच उत्तर आपल्याला त्याहून वाईट ठेवते; तर तिची बाकीची उत्तरे तपासायचीच नाहीत. दर वेळी आठ चाली शक्य धरल्या, तर दोघांच्या मिळून दहा चाली पुढचे पाहायला १०७ कोटींहून अधिक स्थिती तपासाव्या लागतात. या काटछाटीने फार तर फार साधले, तर ६५,५३५ मध्ये भागते! अट एवढीच, की चांगली चाल आधी पाहायला हवी. गचाळ जागेपासून आरंभ करणाऱ्याला पुढच्या बऱ्याच जागा मोरीपर्यंत पाहाव्या लागतात. म्हणून यंत्र आधी थोडेच खोल पाहते आणि त्यात सरस ठरलेली चाल पुढच्या फेरीत पहिली घेते.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी असे ‘चिनूक’ घडवले. समोर होते मॅरियन टिन्स्ली, गणिताचे प्राध्यापक आणि या खेळाचे जगज्जेते. १९९० च्या एका डावात चिनूकने दहावी चाल केली, तेव्हाच ती त्याला भोवणार, असे टिन्स्ली म्हणाले. २६ चालींनंतर यंत्राने डाव सोडला. माणसाने कुठली उत्तरे गाळली असतील, देव जाणे!

१९९२ मध्ये लंडनला टिन्स्ली जिंकले. १९९४ मध्ये बोस्टनला सहा डाव बरोबरीत सुटले आणि आजारपणामुळे त्यांनी सामना सोडला. जगज्जेतेपद चिनूककडे गेले, तेही त्या सामन्यात एकही डाव न जिंकता. १९९५ मध्ये टिन्स्ली कर्करोगाने गेले.

शेफर मात्र थांबले नाहीत. या पटावर ५ वर २० शून्ये इतक्या मांडण्या संभवतात. १ वर १४ शून्ये, एवढ्याच गणितांत त्यांनी २००७ मध्ये निकाल लावला. दोघेही न चुकता खेळले, तर डाव बरोबरीत सुटतो. बोस्टनचे सहाही डाव तसेच सुटले होते.