रेशनचं धान्य मोफत, तरी वृद्धांची ताकद का घटते?

कुपोषण म्हटलं की डोळ्यांसमोर लहान मूल येतं. सरकारी मोजमापही बरंचसं तसंच चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले वजन-उंचीचे आणि रक्तक्षयाचे आकडे मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचे आणि १५ ते ४९ वयोगटाचे असतात. पन्नाशी ओलांडली की माणूस या तक्त्यांतून बाहेर पडतो.

वृद्धांचं चित्र दिसतं ते ‘लासी’ या दुसऱ्या सर्वेक्षणात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनेच तेही केलं. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. साठीपुढच्या सुमारे २७ टक्के लोकांचं वजन कमी निघालं आणि सुमारे २२ टक्के लोकांचं जास्त. म्हणजे जवळपास निम्म्या वृद्धांचं वजन योग्य मर्यादेत नव्हतं.

पोट भरतं, मग कमी काय पडतं?

यातले बरेच जण दोन वेळ जेवतात. कमतरता असते ती प्रथिनांची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजींसाठी हा हिशेब ४१-४२ ग्रॅमचा होतो. दोन भाकऱ्या, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, भाजी आणि दोनदा दुधाचा चहा यांतून साधारण २५ ते ३० ग्रॅमच मिळतात.

बरं, ही शिफारस सगळ्या प्रौढांसाठी एकच आहे. वय वाढल्यावर तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात. म्हणून वार्धक्यातल्या पोषणाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं.) स्नायू झिजले की आधी खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, मग तोल जातो, आणि पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण धरलं जातं. घरचे याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

त्यात दात गेले की भाकरीच्या जागी मऊ भात येतो, शेंगदाणे आणि उसळी बंद होतात. ‘पचणार नाही’ म्हणून अंडं थांबतं. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं. एकट्या राहणाऱ्या बाईचं तर आणखी वेगळं: स्वतःपुरती डाळ शिजवायचा कंटाळा येतो आणि सकाळचाच भात रात्री ताकाबरोबर खाल्ला जातो. दाण्याचं कूट, शिजवून घोटलेली मूगडाळ, दही, उकडलेलं अंडं हे सगळं दातांशिवायही खाता येतं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

सरकारी मदत कुठे पोहोचते?

अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळतं. आधार मोठा आहे, पण तो तांदूळ-गव्हाचा. डाळ, दूध, अंडी पैशांनी घ्यावी लागतात, आणि पैशांची बाजू लंगडी आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी महिन्याला २०० रुपये आहे आणि तो दीड दशकाहून अधिक काळ तसाच आहे. अंड्याचा भाव सात रुपये धरला तर रोज एक अंडंही पुरतं येत नाही. महाराष्ट्रात राज्याची भर घालून पात्र वृद्धांना २०२३ पासून १५०० रुपये मिळतात. त्यातून औषधं, गॅस आणि वीजबिल गेल्यावर उरेल ते ताटात.

गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे, म्हणजे शिजवायची जागा, माणसं आणि वजनकाटा गावोगाव आहे. तमिळनाडूने अशाच व्यवस्थेचा उपयोग करून घेतला: तिथल्या मध्यान्ह भोजन केंद्रांवर निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांनाही दुपारचं जेवण देण्याची पद्धत १९८०च्या दशकातच सुरू झाली. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांत अजून आजी येते ती नातवाला सोडायला.