रंगमंच कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कन्नड हे तालुक्याचे गाव आहे. गाव मागे पडले की गौताळ्याचे रान लागते आणि औट्रम घाट उतरून रस्ता खानदेशात शिरतो. या परिसरात गावोगावची मराठी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी ऐकू येते आणि घाटाखाली अहिराणी. बरीचशी शेती पावसावर विसंबलेली असल्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून त्यांनी आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी फडावर राबते. या धंद्यात त्या जोडीलाच एक 'कोयता' म्हणतात. पाचटाची कोपी हेच त्या काळात त्यांचे घर. पुष्कळदा मुलेही बरोबर जातात आणि ती परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

अशा मुलाची वर्गातील जागा बहुधा मागच्या रांगेत असते. शाळेच्या संमेलनातील नाटकातही त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. संमेलन हिवाळ्यात होते, तेव्हा तो फडावर असतो. तो गावात असला, तरी त्याचे उच्चार शुद्ध नाहीत, वाचन अडखळते, पोशाख आणायला पैसे नाहीत, अशी कारणे निघतात. राजाचे काम एकाला मिळते, प्रधानाचे दुसऱ्याला, आणि त्याला मिळते ते सतरंज्या उचलण्याचे. कोणी हे दुष्टपणाने करीत नाही. परंतु आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, असे त्या मुलाला वाटू लागते. असे ज्याला एकदा वाटले, तो शाळेतून केव्हा निघून गेला हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ही रीत बदलली पाहिजे. जी मुले मागे राहिली आहेत, त्यांना नाटक दाखवून थांबू नये. त्यांना स्वतः नाटक करू द्यावे.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. याच जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ यांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी आणि महार बोलतात. आंधळा, मुका, बहिरा हेही बोलतात. ज्यांचे म्हणणे एरवी कोणी ऐकून घेत नसे, त्यांच्या मुखाने नाथांनी लोकांना उपदेश केला. पुढे १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशाच्या भुलथापांना बळी पडून पैसा गमावणारे एक गरीब कुणबी जोडपे त्यात आहे. शेवटी ते दोघेही रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. तथापि गरीब शेतकरी आणि त्याची बायको यांचे दुःख हा नाटकाचा विषय होऊ शकतो, हे जोतीरावांनी दाखवून दिले.

तिसरे उदाहरण पुन्हा याच जिल्ह्यातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने युगानुयुगे जे सोसले, ते या नाटकात मांडलेले आहे. १९५५ मध्ये महाविद्यालयात त्याचा प्रयोग झाला, तेव्हा स्वतः बाबासाहेब प्रेक्षकांत होते. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांची कथा आता महाविद्यालयाच्या रंगमंचावर उभी राहिली होती.

या तिन्ही ठिकाणी शब्द मात्र थोरामोठ्यांनी लिहिलेले होते. त्यापुढचे पाऊल ठाण्यात पडले. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी १९६२ पासून 'बालनाट्य' या संस्थेतर्फे मुलांसाठी अनेक नाटके रंगभूमीवर आणली होती. परंतु नाट्यगृहाची पायरी जी मुले कधी चढत नाहीत, त्यांचे काय? या विचाराने २०१४ मध्ये त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम सुरू केला. ठाण्यातील गरीब वस्त्यांमधील मुलामुलींनी आपल्या भोवतालचे प्रश्न घेऊन स्वतःच नाटिका रचल्या, स्वतःच बसविल्या आणि 'नाट्यजल्लोष' या महोत्सवात सादर केल्या. मोठी माणसे मार्गदर्शनापुरती होती. मतकरी २०२० साली निवर्तले. पण मुलांच्या हाती लेखणी आणि रंगमंच दोन्ही द्यावीत, हा त्यांनी घालून दिलेला धडा मोलाचा आहे.

शहरात जे घडले ते कन्नडसारख्या तालुक्यातील एखाद्या तांड्यावर घडू शकेल काय? घडण्यास फारशी अडचण नाही. अशा नाटकाला पडदा लागत नाही की रंगविलेले नेपथ्य लागत नाही. मारुतीच्या देवळापुढचे किंवा शाळेपुढचे मोकळे पटांगण पुरे होते. मुलांनी गोल बसावे आणि प्रत्येकाने घरी, शेतात किंवा फडावर घडलेली एक गोष्ट सांगावी. त्यांतील एक गोष्ट सर्वांनी निवडावी आणि ती करून पाहावी. संवाद आधी तोंडी जुळतात; मग ज्याला लिहिता येते त्याने ते लिहून घ्यावेत. ज्याचे वाचन अडखळते, तोही अशा नाटकात मुख्य काम करू शकतो. ज्याला बोलण्याचा संकोच वाटतो, त्याने हलगी वाजवावी. कोपीत राहणाऱ्या आजीचे काम करणारी मुलगी गोरमाटीत बोलली, तर नाटक बिघडत नाही. ते अधिक खरे वाटते. मात्र अशा नाटकाची तालीम कुटुंबे फडावर जाण्यापूर्वी, पावसाळ्यात व्हावयास हवी. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तीच मुले त्या वेळी गावात नसली, तर सारेच व्यर्थ जाईल.

ब्राझील देशातील नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांनी याहीपुढची एक युक्ती शोधून काढली. त्यांच्या नाटकात अन्यायाचा प्रसंग आला की खेळ थांबवीत आणि प्रेक्षकांपैकी कोणीही पुढे येऊन त्या पात्राची जागा घेई व आपण काय केले असते ते करून दाखवी. समजा, तांड्यावरच्या नाटकात मुकादम उचलीचा आकडा वहीत मांडतो आणि बाप न वाचताच अंगठा उठवितो. येथे खेळ थांबला. बघ्यांतून एक मुलगी उठली, बापाच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी वही दाखवा, मी वाचून पाहते." त्या क्षणी ती मुलगी आणि तिला पाहणारे सारे गाव काही नवे शिकलेले असेल. वाचता येणे कशासाठी असते, हे त्या दिवशी कोणी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जोतीरावांच्या नाटकातील कुणबी जोडप्याला शेवटी जे उमगले, ते हेच होय.

यावर कोणी म्हणेल, "मुलांचा अभ्यास आधीच बुडालेला असतो, त्यात नाटकाचे खूळ कशाला?" ही शंका रास्त आहे. परंतु तालमीत मूल पाठांतर करते, दुसऱ्याचे बोलणे ऐकते, वेळेवर येते आणि चारचौघांत उभे राहून स्पष्ट बोलते. हे सारे अभ्यासाचेच भाग आहेत. शिवाय उद्या आपला प्रवेश आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा उद्या शाळेत येतो. नाटकाने कोणाची उचल फिटत नाही की कोणाच्या शेतावर पाऊस पडत नाही, हे खरे. ती कामे सरकारची आणि समाजाची आहेत. परंतु ती व्हावीत म्हणून ज्याने बोलायचे, त्याला बोलण्याचे बळ मात्र नाटकातून मिळू शकते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गरिबाच्या बोलीची आणि फाटक्या कपड्यांची नक्कल करून हशा पिकविणे सोपे असते. तसे झाले, तर ज्या मुलाला जवळ आणायचे तोच अधिक दूर जाईल. म्हणून आपली कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती मनातच ठेवायची, हे त्या मुलाने ठरवावे. खात्यापित्या घरच्या मुलांनीही अशा नाटकात सामील व्हावे. पण उपकार करण्यासाठी नव्हे. एकाच्या हाती हलगी, दुसऱ्याच्या हाती कोयता आणि तिसऱ्याच्या डोक्यावर मुकादमाचा पटका असला, की तिघांनाही एकमेकांवर विसंबून राहावे लागते. एकाच बाकावर वर्षभर बसूनही जी ओळख होत नाही, ती तालमीच्या चार दिवसांत होते.

शाळेत पुढच्या नाटकाची पात्रे ठरविली जातील, तेव्हा मागच्या रांगेकडे एकदा अवश्य पाहावे. सतरंज्या सर्वांनी मिळून उचलाव्यात, आणि नाटकही सर्वांनी मिळून करावे.