नाटकाच्या तासाला शिक्षक कोण?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते आणि एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या एखाद्या स्थानिक कलावंताला मुख्याध्यापकांचे बोलावणे जाते. तो येतो, वर्गातली दहा चुणचुणीत पोरे निवडतो, त्यांच्याकडून वाक्ये घोकून घेतो, हातवारे बसवतो. उरलेल्या चाळिसांतली काही झाडे होतात, काही भालदार-चोपदार, बाकीची प्रेक्षकांत. पालक खूश, संस्थाचालक खूश. त्या कलावंताला दोष देण्यात अर्थ नाही. मुलांबरोबर काम कसे करायचे हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

चित्रकलेच्या शिक्षकाकडे ए.टी.डी. आहे का, खेळाच्या शिक्षकाकडे बी.पी.एड. आहे का, हे शाळा आवर्जून पाहते. नाटकाच्या बाबतीत मात्र ‘त्याला नाटकाचं भारी वेड आहे’ एवढी शिफारस पुरते. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्र, संगीत आणि नृत्याच्या पंक्तीला नाट्यकलेलाही बसवले आहे. पान मांडले खरे, वाढणार कोण?

महाराष्ट्रात नाट्यशिक्षणाची वानवा नाही. छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स यांनी नामवंत नट आणि दिग्दर्शक घडवले. पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मालिका किंवा सिनेमा मिळत नाही. अनेकांची चूल मे महिन्यातल्या बालनाट्य शिबिरांवर पेटते. म्हणजे ज्या कामावर पोट चालणार, त्याची तयारी अभ्यासक्रमाच्या कडेला कुठेतरी.

ही तयारी नेमकी कसली? सातवीच्या वर्गात १९७२ च्या दुष्काळाचा धडा आहे असे समजा. बाके भिंतीला सरकवली, पन्नास मुले गावकरी झाली. गाव सोडून खडी फोडायच्या कामावर जायचे की थांबायचे, हे त्यांनी ठरवायचे. इतक्यात शिक्षक मुकादम होऊन येतो आणि सांगतो, उद्या सकाळी हजेरी लावेल त्यालाच काम. लगेच कुणी भांडते, कुणी घरच्या बैलाचे काय करायचे विचारते, मागच्या रांगेतली कधी न बोलणारी मुलगी ‘आजीला चालवत नाही’ म्हणते. इथे शिक्षकाने काय करायचे? त्या वाक्याचे कौतुक करून तिला सगळ्यांपुढे उभे करायचे, की मुकादम राहूनच तिच्याशी बोलायचे? कोलाहल वाढून शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या तर खेळ न मोडता आवाज खाली कसा आणायचा? दोन मिनिटांत घ्यायचे असे निर्णय पुस्तकातून येत नाहीत. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकानेच भूमिकेत शिरण्याची ही रीत वर्गांतच घासूनपुसून घेतली. शिक्षकांना शिकवतानाही त्या मुलांसमोर उभ्या राहत.

त्याहून नाजूक गोष्ट आहे ती मुलांच्या मनाची. नटाला रडू यावे म्हणून जुन्या दुःखाची आठवण काढायला लावणारे सराव नाट्यशाळेत सर्रास होतात. तेच बारा वर्षांच्या मुलावर करणे म्हणजे शुद्ध अविचार. कुणाच्या घरी दारू आहे, कुणाची आई गेली आहे, शिबिराच्या दादाला ठाऊक नसते. स्पर्श कुठे आणि कसा, मूल रडू लागले तर कुणाकडे न्यायचे, हे प्रत्येक नाट्यशिक्षकाला यायलाच हवे.

हे सारे आपल्याला परके नाही. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. तिथल्या मुलांसाठी त्यांनी विजय तेंडुलकरांकडून नाटके लिहून घेतली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातील रंगभूमीसाठी स्वतंत्र पथक उभारले आणि आगरतळ्याच्या केंद्रात या विषयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला. मराठी मुलखातल्या विद्यार्थ्याने त्यासाठी त्रिपुरा गाठायचे, हे काही भूषणावह नाही.

आपल्या विद्यापीठांनी नाट्यपदवीत निदान एक सत्र शाळेसाठी राखावे, आणि तेही एखाद्या चकचकीत इंग्रजी शाळेत नव्हे तर जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत. आठवड्यातून दोन दिवस, तोच वर्ग, तीच मुले. मूल्यमापनात शेवटच्या प्रयोगाला गुण कमी आणि वर्गात शांत बसणारी किती मुले बोलती झाली याला जास्त. बी.एड. आणि डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांनाही त्याच वर्गांत सोबत बसवावे. नाटकवाल्याला वर्ग सांभाळणे आणि मास्तराला खेळणे, दोन्ही तिथेच उमगेल.

मग नोकरीचा प्रश्न उरतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवा. हे निदेशक तुटपुंज्या मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करत आले आहेत. नाट्यपदवीधरांना या जागांसाठी स्पष्टपणे पात्र ठरवायचे, तर आधी त्या जागा भरून मानधन पोटापुरते आणि वेळेवर द्यावे लागेल. शिक्षण खात्याने ते केले नाही, तर नवे प्रशिक्षण घेतलेली मंडळीही पुन्हा डिसेंबरचीच वाट पाहतील.